अंगठा आत

जड बार नीट कसा धरायचा, असं जिममधल्या नव्या बायका मला विचारतात. पन्नाशी ओलांडलेली ही बाई एवढं वजन उचलायची म्हणजे हिच्याकडे काहीतरी खास युक्ती असणार, असा त्यांचा समज. मी हातचं राखून ठेवत नाही. बार तळव्याच्या मधोमध धरू नका, बोटांच्या मुळाशी धरा, म्हणजे तो गडगडत नाही आणि घट्टेही कमी पडतात. अंगठा बारभोवती हवाच, मोकळा सोडायचा नाही. कोपरं सरळ ठेवा. एवढं सांगून झालं की मी विचारते, "गेल्या महिन्यात सहज धरता येत होतं ते वजन आज हातातून सुटतंय का? सुटत असेल तर पकड बदलू नका. आधी डॉक्टरकडे जा."

त्या हसतात. मीही हसते, पण मी गंमत करत नसते.

हे लिहायला बसले ते त्यांच्यासाठी, आणि हातापायांना मुंग्या येतात म्हणून आज कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकड्यावर ताटकळत बसलेल्यांसाठी. माझ्या आजाराचं नाव लांबलचक आहे आणि इंटरनेटवर त्याबद्दल नको तेवढं वाचायला मिळतं. थोडक्यात सांगायचं तर माझ्याच शरीराने माझ्या नसांवरचं आवरण खरवडायला सुरुवात केली. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. पुढे मी विचारायचंही सोडून दिलं.

तळघरातली जिम

चाळिशी सरता सरता माझी हाडं विरळ होऊ लागल्याचं कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडी वजनं उचलत जा." त्यांच्या मनात बहुधा पाण्याच्या बाटल्या असाव्यात. बिबवेवाडीत आमच्या घराजवळ, टाइल्सच्या दुकानाखाली एक जिम होती, तिथे मी गेले आणि तिथलीच झाले.

कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर मुलांना "शांत बसा" म्हणायचं आणि संध्याकाळी लोखंडाच्या आवाजात जाऊन उभं राहायचं, यात मला फार सुख वाटे. त्यातही डेडलिफ्ट. जमिनीवर ठेवलेला बार वाकून धरायचा आणि घेऊन सरळ उभं राहायचं, बस्स. त्यात काही लपवाछपवी नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

शिकवायला प्रसाद होता. अकोल्याचा मुलगा, पुण्यात येऊन बरीच वर्षं झालेली, बोलण्यातला वऱ्हाडी सूर मात्र तसाच. माझ्या मुलीपेक्षा थोडासाच मोठा, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला ताई म्हणायचा.

घरी श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, या प्रकरणाची भारी मजा वाटे. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. श्रीकांतने आयुष्यात टीव्हीच्या रिमोटपेक्षा जड काही उचललेलं नाही. पहिल्यांदा मी त्याच्या वजनाएवढा बार उचलला तेव्हा घरी येऊन सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे आता भांडताना मी जरा लांब उभा राहतो." त्या दिवसापासून घरातल्या घट्ट झाकणाच्या सगळ्या बरण्या माझ्याकडे यायला लागल्या. तो गुपचूप आणून पुढे करायचा, मी उघडून द्यायची.

एकामागून एक पकड

त्या दिवाळीत आमची एकुलती एक मुलगी ऋचा नाशिकहून, सासरहून आली आणि तिने गोड बातमी दिली. पहिलं बाळंतपण, तेव्हा ती माझ्याकडे येणार हे न बोलताच ठरलेलं होतं. मी लगेच मनातल्या मनात न्हाणीघरात जाऊन बसले. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, त्या पायांवर बाळाला पालथं घालायचं आणि तेल चोळून न्हाऊ घालायचं. माझ्या आईने ऋचाला तसंच न्हाऊ घातलं होतं आणि मी दाराशी उभी राहून बघितलं होतं. आता माझी पाळी होती. मला दुसरं काहीही नको होतं.

दिवाळीनंतर लगेचच बार सुटायला लागला. नेहमीचं वजन, नेहमीची वेळ. बार गुडघ्यापर्यंत यायचा आणि बोटं आपोआप उघडायची. मी हाताला लावायची पांढरी पूड वाढवली. हात कोंबडीच्या तंगड्यांसारखे पिठात घोळून निघाले, तरी बार सुटायचाच.

"ताई, एक हात उलटा करून पाहा नं," प्रसाद म्हणाला. "एक पंजा आपल्याकडे, एक बाहेर. मग बार गडगडत नाही. फक्त उलट्या हाताचं कोपर वाकवायचं नाही हां, दंडाचा स्नायू फाटते. आणि दर वेळी हात बदलत जा, नाहीतर शरीर एकीकडे वळते."

तसं धरलं आणि बार वर आला. जीव भांड्यात पडला. पण थोड्याच दिवसांत तीही पकड सुटायला लागली.

मग अंगठा आत. यात अंगठा बारला आडवा चिकटवायचा आणि त्याच्यावरून बोटं आवळायची. आपल्याच बोटांखाली आपला अंगठा कुलूप लावल्यासारखा बसतो. "दुखते जी खूप," प्रसादने आधीच सांगून ठेवलं. "पोरं रडतात पहिल्यांदा. पण सुटत नाही."

मी दात आवळून तयारीत राहिले आणि मला काही दुखलंच नाही. थोडा दाब जाणवला, बास. प्रसाद टाळ्या वाजवत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "पाहा रे, ताई कशा भारी आहेत ते!" मी फुशारले. घरी जाऊन श्रीकांतलाही सांगितलं. ज्या अंगठ्याला काही कळतच नव्हतं त्याचं मी कौतुक करून घेत होते.

पुढे तोही उपाय संपला आणि पट्टे आले. मनगटाला बांधायचे आणि बारभोवती गुंडाळायचे. वजन पट्ट्यांवर येतं, बोटांना फारसं काम राहत नाही. पट्टे बांधून मी नेहमीपेक्षा जास्त वजन उचललं. प्रसादने त्याचा व्हिडिओ काढला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मी खूश आहे, चेहरा लाल झालेला आहे. हातांकडे नीट बघितलं तर दिसतं की बोटं बारवर नुसती ठेवलेली आहेत.

दुसऱ्या कुणाच्या हातून वस्तू पडायला लागल्या असत्या तर ती बाई दोन आठवड्यांत डॉक्टरकडे गेली असती. मला पडायचं थांबवण्याच्या इतक्या पद्धती माहीत होत्या, की मी त्या संपेपर्यंत जिममध्येच राहिले.

लिंबाचं लोणचं

एका रविवारी श्रीकांत मंडईतून लिंबं घेऊन आला. नव्या लोणच्यासाठी बरणी रिकामी करायची म्हणून त्याने जुनी बरणी नेहमीसारखी माझ्यापुढे धरली. मी झाकण फिरवायला गेले. हात झाकणावरून नुसता घसरला.

"ओलं आहे रे," मी म्हटलं. त्याने ती पुसून दिली. हात पुन्हा घसरला. मी पदर लावून पाहिलं, फडकं लावून पाहिलं.

"ठेव तिथे. नंतर उघडते."

त्याने बरणी ओट्यावर ठेवली. श्रीकांतला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक तिरकस वाक्य सुचतं. लग्नात माझे मामा घसरून पडले होते तेव्हाही त्याला सुचलं होतं. आज त्याला काही सुचलं नाही, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

लिंबं धुता धुता त्याने विचारलं, "जिन्यात तुझी चप्पल का सुटते हल्ली?"

म्हणजे तो बघत होता. पायातून चप्पल निसटते आणि मला दोन पायऱ्या पुढे गेल्यावर कळतं, हे मी स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं.

"दाबा ना"

मेंदू आणि नसांचे डॉक्टर वयाने मोठे होते आणि सावकाश बोलायचे. त्यांनी दोन बोटं माझ्या पंजात दिली आणि म्हणाले, "जोरात दाबा."

मी दाबलं.

ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "हं, दाबा ना आता."

"दाबतेय डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग श्रीकांतकडे. माझ्या सगळ्या आजारपणात याहून वाईट क्षण दुसरा नाही. नंतर सुया टोचल्या, विजेचे झटके देऊन नसा तपासल्या, पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, त्यातलं काहीच मला तेवढं लागलं नाही. एक माणूस माझ्या ताकदीची वाट बघत बसला होता आणि मी ती आधीच सगळी देऊन टाकली होती.

"आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

"मी पकड बदलत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय बदलत होतात?"

पुढचं श्रीकांतने सांगितलं. "ही वजनं उचलते डॉक्टर. एक पकड सुटली की दुसरी शोधते. सगळ्या पकडी संपल्या, म्हणून आता आपल्याकडे आलो."

सगळे रिपोर्ट आल्यावर मी एकच विचारलं, की हात परत येतील का. डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांचे बरेचसे येतात. सगळं येईल असं मी लिहून देणार नाही."

मला ऋचाचे महिने मोजावेसे वाटले आणि मी मोजले नाहीत. घरी येताना रिक्षात श्रीकांतने माझा हात हातात घेतला. तो दाबत होता, ते मला अंधुकसं कळत होतं. उलट दाबायला मला जमलं नाही. मी बाहेर बघत राहिले आणि रडले. त्याने रिक्षावाल्याला उगीचच विचारलं की आज एवढं ट्रॅफिक कसं.

सैल वेणी

औषध सुरू होईपर्यंत आजाराने दांडगाई करून घेतली. भिंत धरल्याशिवाय चालता येईना, ब्लाउजचे हूक लागेनात, घास तोंडापर्यंत जाईना. हातपाय गळाले असं आपण उगाच म्हणतो, मला ते दिवसभर करून दाखवावं लागत होतं.

दवाखान्यात सलाइनच्या बाटलीसारख्या बाटल्यांमधून औषध तासन् तास अंगात सोडायचे, ओळीने काही दिवस. सकाळी ताप, रक्तदाब. मग एक डॉक्टर येऊन म्हणायचे, एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा. ते माझ्या छातीच्या स्नायूंसाठी होतं. गंमत म्हणून विचारत नाहीत हे मला माहीत होतं, आणि दर वेळी मला शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखी भीती वाटायची. आकडे कमी झाले नाहीत. त्यांना "छान" म्हणायची सवय होती, आणि त्या "छान"वर मी दुपार काढायची.

छोटी सुखंही होती. एक सिस्टर सुई लावायच्या आधी माझा गार पडलेला हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून गरम करायच्या. शीर सापडावी म्हणूनच करत असतील, तरी मी त्यांची वाट बघायची. चहा स्टीलच्या पेल्यात नळी घालून मिळायचा. आणि श्रीकांत वेणी घालायला शिकला. पहिल्या दिवशी त्याने ती इतकी करकचून घातली की माझे डोळे ताणले गेले.

"सैल घाल की रे जरा."

"आणि सुटली तर?"

"सुटू दे. परत घाल."

त्याने सोडून पुन्हा घातली. अर्ध्या तासात ती सुटली. मग दिवसभर मी तशीच, आणि समोरच्या पलंगावरच्या आजी त्याला दोन पेडांची का तीन पेडांची यावर सल्ले देत राहिल्या.

प्रसाद केळी घेऊन आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना. "काहून लपवलं जी ताई तुम्ही?"

"लपवलं नाही रे. मलाच कळलं नाही."

"मले कळाले पाहिजे होतं. अंगठा दुखत नाही म्हणल्यावर मी टाळ्या वाजवल्या." एवढा आडदांड मुलगा, त्याचे डोळे भरून आले. मी त्याला म्हटलं, की टाळ्या मलाही आवडल्या होत्या. मग तो बसला आणि आणलेल्या केळ्यांतली दोन त्यानेच खाल्ली.

ओटी

आमच्या विहीणबाई फार चांगल्या आहेत. मी अजून दवाखान्यात होते तेव्हा त्यांचा फोन आला, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. बाळंतपण इथेच करू. तुम्ही आधी बऱ्या व्हा." मी हो म्हटलं, आभार मानले, आणि ऋचाला कळवून टाकलं की तू येऊ नकोस. तिने तिथेच फोन ठेवून दिला.

श्रीकांत भडकला. तो सहसा भडकत नाही. "परस्पर ठरवलंस? मुलीला विचारायचं नाही, मला विचारायचं नाही?"

"बाळ माझ्या हातून पडलं तर?"

ते मी पहिल्यांदाच बोलले होते, आणि जरा मोठ्यानेच. समोरच्या आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. श्रीकांतने माझी चादर उगीचच सारखी केली. मग तो बाहेर जाऊन आला.

डोहाळजेवण मात्र पुण्यातच झालं, आमच्या घरी, मोजक्या माणसांत. मी तोवर घरी आले होते, धरून धरून चालत होते. ऋचाची ओटी मी भरायची होती. नारळ विहीणबाईंनी तिच्या पदरात ठेवला. मी तांदळाची ओंजळ केली आणि उचलली. बोटं जुळतच नव्हती, ओंजळीला सगळीकडून भोकं. ओंजळ तिच्या पदरापर्यंत जाईस्तोवर अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले होते. 

ऋचाने पदर एका हाताने धरला आणि दुसरा हात माझ्या ओंजळीखाली लावला. "घाल परत," ती म्हणाली. मी पुन्हा भरली. तिचा हात खाली होता, तरी दोन-चार दाणे सांडलेच.

नंतर खोलीत दार लावून ती माझ्यावर चिडली. "मी काय तुझ्या हातांसाठी येणार होते का गं आई? न्हाऊ घालायला बाई मिळते. तू शेजारी बसशील ना? बसायला तर येतं ना तुला?"

"येतं."

"मग झालं." तिने नाक पुसलं. "आणि मला येऊ नको म्हणायचं नाही परत. फार वाईट वाटलं मला."

मलाही वाटलं होतं. आम्ही दोघी तिच्या पोटावर हात ठेवून बसलो. बाळाने लाथ मारली, ती माझ्या तळहाताला जरा उशिरा समजली, पण समजली.

क्लिपा, उसळीचे मूग आणि झाडूचा दांडा

पुढचे महिने कपडे वाळत घालायच्या क्लिपांचे. त्या चिमटीत धरून उघडायच्या आणि दोरीवर लावायच्या, हा माझा व्यायाम. परातीत तांदूळ घालून त्यात मूग लपवायचे आणि न बघता बोटांनी शोधून काढायचे. एक क्लिप उघडायला मी सकाळ घालवलेली आहे. दुसऱ्या दिवशी तीच उघडायची नाही. दर काही आठवड्यांनी औषधाची बाटली पुन्हा लावावी लागे, आणि ती वेळ जवळ आली की कमावलेलं निम्मं परत जायचं. हे ज्यांच्या बाबतीत होतंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ते जातं आणि परत येतं, आणि तेवढ्या दिवसांत घरच्यांवर ओरडलं तरी ते तुम्हाला टाकून देत नाहीत. मी पुष्कळ ओरडले. श्रीकांत एकदा म्हणाला, "आवाजाचे स्नायू तरी पूर्ण वाचले." मी त्याला क्लिप फेकून मारली. ती त्याच्यापर्यंत पोचली म्हणून दोघांनाही आनंद झाला.

प्रसाद शनिवारी घरी यायचा. बार सोडा, त्याने मला झाडूचा दांडा धरायला दिला. पंजे आपल्याकडे, बोटांच्या मुळाशी, अगदी पहिल्या दिवसासारखं. मी म्हटलं, "दुसरी पकड घेऊ?" तर म्हणाला, "नाही. हीच. सुटला तर सुटू द्या. जे सुटते ते मले दिसू द्या."

उन्हाळा लागला होता. एका शनिवारी मी गंमत म्हणून दांड्यावर अंगठा आडवा ठेवला आणि वरून बोटं आवळली.

"आई गं!"

प्रसाद धावला. श्रीकांत आतून हातात झारा घेऊन आला. मी अंगठा धरून बसले होते आणि रडत होते.

"काय झालं? काय झालं जी?"

"दुखलं रे," मी म्हटलं. "दुखलं."

प्रसादला आधी समजलं. तो जमिनीवर बसला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. श्रीकांतला आम्ही दोघांनी मिळून समजावलं, की अंगठा आत घेतल्यावर सगळ्यांनाच दुखतं, दुखलंच पाहिजे. तो म्हणाला, "हा छंद आहे की शिक्षा?" आणि पोहे करपत होते म्हणून परत गेला.

न्हाणं

ऋचाला मुलगी झाली. तिला माझ्याकडे देताना नर्सने विचारलं, "घेता ना आजी?" मी म्हटलं, "बसून घेते, मांडीवर ठेवा. माझ्या हातांचा अजून भरवसा नाही." हे वाक्य पुढे मी सगळ्यांना सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना, विहीणबाईंना, शेजारणींना. आधी सांगताना जीभ जड व्हायची, नंतर सोपं गेलं.

मला आजही काही आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन बाटली लावून घ्यावी लागते. जिममध्ये जाते, थोडंसं वजन उचलते, प्रसाद शेजारी उभा असतो. पट्टे मी वापरत नाही. बोटं थकली की बार खाली ठेवते.

मालिशवाली बाई ठरवली होतीच. ती यायची आणि मी दाराशी बसून बघायची. बाळाची नाळ पडली, अंग जरा भरलं. एक दिवस बाईंना गावी जायचं होतं, तेव्हा ऋचा म्हणाली, "आज तू घाल."

"अगं, तेलाने हात घसरतात. माझा उजवा तर..."

"माहीत आहे. मी समोर बसते. बाबा पाणी देतील. तिला धरायला तुझे पाय आहेत."

हे मला सुचलंच नव्हतं. मी इतके महिने हातांची काळजी करत होते आणि आमच्याकडे बाळाला हातात धरून न्हाऊ घालतच नाहीत.

मी पाटावर बसले, पाठ भिंतीला टेकली, पाय लांब केले. ऋचाने लेकीला माझ्या नडग्यांवर पालथं ठेवलं आणि स्वतः समोर बसून माझ्या पावलांपाशी दोन्ही हात लावले. मी डावा पंजा बाळाच्या पाठीवर ठेवला आणि उजव्याने तेल लावलं. "उजवा हात थकतोय," मी मध्येच म्हटलं. "थांब की मग," ऋचा म्हणाली. मी थांबले, मग पुन्हा सुरू केलं. श्रीकांत दारातून बादलीतलं पाणी कोपराने तपासून तपासून तांब्याने देत होता. आधी बाळाने आकांत केला, कोमट पाणी पाठीवर पडल्यावर गप्प झालं.

मग तिला उताणं केलं. छाती, पोट, मानेच्या वळ्या. मुठी राहिल्या. तान्ह्या बाळांच्या मुठीत कुठून कुठून धागे आणि मळ जमतो. मी उजव्या हाताने तिची मूठ उघडायला गेले, तर ती उघडेना. नीट वाकून बघितलं. बोटं घट्ट मिटलेली, आणि त्यांच्याखाली एवढासा अंगठा, आत.

मी हळूच माझं पहिलं बोट फटीतून सरकवलं. तिने अंगठा बाहेर काढला आणि पूर्ण मूठ माझ्या बोटावर आवळली. मला ती कळली. अंधुक नाही, उशिरा नाही. चारही बोटं वेगवेगळी कळली.

"आई, काय झालं?" ऋचाने विचारलं.

मी बोट ओढून पाहिलं. सुटेना. मी दोघांना ते दाखवलं. श्रीकांत तांब्या घेऊन वाकला आणि म्हणाला, "झालं. बरण्या आता हिच्याकडे."

"पाणी गार होतंय बाबा."

तो नवं पाणी काढायला वळला, चष्मा पुसत. मी बोट तसंच राहू दिलं आणि अंगठा वरून आणून तिची मूठ हलकेच दाबली. तिने उलट दाबलं.